जुळी बाळं, सासू-सासरे आणि यॉर्क: एका दिवसात काय जमेल?

पडवी

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात लीड्सला राहतो. दहा महिन्यांची जुळी आहेत, इथे त्यांना चिऊ आणि काऊ म्हणते. सांगलीहून साबा-साबु (सासूबाई आणि सासरेबुवा) सहा आठवड्यांसाठी आलेत, त्यातले तीन संपले. या तीन आठवड्यांत त्यांनी पाहिलेलं इंग्लंड म्हणजे आमचं स्वयंपाकघर, कोपऱ्यावरचं सुपरमार्केट आणि बाळांच्या लसीकरणाचा दवाखाना. दोघंही तोंडाने काही म्हणत नाहीत, पण परवा साबु खिडकीत उभे राहून म्हणाले, "समोरच्यांनी कचऱ्याचा डबा आज निळा बाहेर काढलाय, परवा काळा होता." तेव्हाच ठरवलं, आता यांना कुठेतरी न्यायचं.

यॉर्क जवळ आहे, आगगाडीने अर्धा तासही लागत नाही. साबु मिरजेला रेल्वेत होते, त्यामुळे तिथलं रेल्वे म्युझियम पक्कं. शिवाय त्यांचा हट्ट आहे की १६ एप्रिललाच जायचं, कारण भारतातल्या रेल्वेचा वाढदिवस. बाकी सगळं अधांतरी आहे. साबांचे गुडघे दुखतात. बाबागाडी शेजारी-शेजारी बसायची, ७६ सेंटीमीटर रुंद, आमच्या स्वतःच्या दारातून काढतानाही एकदा देवाचं नाव घ्यावं लागतं. दोघं एकाच वेळी झोपत नाहीत आणि रडतात मात्र एकाच वेळी.

कोणी लहान बाळांना घेऊन गेलंय का? काय बघावं यापेक्षा काय सोडून द्यावं ते सांगा.

ओसाडवाडी

आधी भाषा शिका. यॉर्कमध्ये गेट म्हणजे रस्ता, बार म्हणजे वेस आणि पब म्हणजे बार. हे तिथला प्रत्येक गाइड पैसे घेऊन सांगतो, मी फुकट सांगतोय. 'गेट' हा शब्द व्हायकिंग लोकांचा, त्यांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. म्हणून स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट हे सगळे रस्ते. आणि गावाच्या तटाला ज्या वेशी आहेत त्या बूथॅम बार, मंक बार, वॉल्मगेट बार, मिकलगेट बार. एका इवल्याशा बोळाचं नाव तर 'व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट' आहे, रस्त्यापेक्षा पाटी लांब.

सोडायचं काय? तट सोडा. साधारण ३.४ किलोमीटरचा तट अजून शाबूत आहे आणि बूथॅम ते मंक बार या टप्प्यावरून मिन्स्टर (तिथलं मोठं चर्च) फार सुंदर दिसतं, पण पायऱ्या आहेत, वाट अरुंद, आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडाच नाही आणि बाबागाडी नेण्यासारखी जागा नाही. क्लिफर्ड्स टॉवर हा टेकाडावरचा बुरूजही सोडा, ५५ पायऱ्या आहेत. मिन्स्टरच्या मनोऱ्याच्या २७५, आणि तिथे आठ वर्षांखालच्या मुलांना नेतच नाहीत, म्हणजे तो प्रश्न त्यांनीच सोडवलाय.

मेतकूट

पडवी, आमचं एकच आहे, जुळ्यांना दंडवत. पण आम्ही लेक अकरा महिन्यांची असताना मँचेस्टरहून गेलो होतो, म्हणून सांगते.

गाडीत पाच वर्षांखालची मुलं फुकट. तुम्ही चार मोठे आहात तर तिकीट काढताना 'ग्रुपसेव्ह' बघा, गर्दीची वेळ टाळून तीन किंवा जास्त मोठी माणसं एकत्र जात असतील तर बऱ्याच कंपन्यांत एक तृतीयांश सूट मिळते.

नॅपीचा माझा हिशोब: बाहेर जितके तास, तितक्या नॅपी, प्रत्येक बाळामागे. वर दोन. कपड्यांचा एक जोड बाळाचा आणि एक तुझा. हे दुसरं कोणी सांगत नाही. मी परतीच्या गाडीत नवऱ्याचा स्वेटर घालून आले होते.

अंगावर पाजत असशील तर बिनधास्त कुठेही बस. इथे २०१० च्या समानता कायद्याने कोणत्याही दुकानात, कॅफेत, गाडीत तुला त्यासाठी उठवता येत नाही. साबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या ओढणी घेऊन भिंतीसारख्या समोर उभ्या राहतील (माझ्या राहिल्या होत्या, आणि त्यामुळेच सगळे वळून बघत होते). वरच्या दुधाची पावडर असेल तर थर्मासमध्ये उकळलेलं पाणी ने, पावडर कालवताना ते निदान ७० अंश तरी गरम हवं. कॅफेतलं 'गरम' पाणी बाटली शेकायला ठीक, दूध बनवायला नको.

आणि एक तरी बाळ अंगावर बांधायचं कॅरिअर ने.

तिरफळ

राग मानू नये, पण दहा महिन्यांच्या बाळांना यॉर्कमधलं काय कळणार? त्यांची झोप मोडायची, वारा लागायचा, परक्या गावी खायचे हाल. आमच्या वेळी वर्षाच्या आतलं मूल उंबऱ्याबाहेर काढताना दहा वेळा विचार करत. आजी-आजोबा आले आहेत तर बाळं त्यांच्यापाशी घरी ठेवावीत आणि तुम्ही दोघांनी फिरून यावं.

मेतकूट

तिरफळ, आजी-आजोबा सांगलीहून मुलं सांभाळायला आलेत की काय? 🙂 दिवे घ्या (हलकेच घ्या).

पडवी

तिरफळकाका/काकू, राग अजिबात नाही. घरात हेच संभाषण दोनदा झालंय. पण बाळांना यॉर्क दाखवायला मी नेतच नाहीये. मला बाहेर पडायचंय. मुलं जूनमधली, हिवाळ्यात या घरात चार वाजता अंधार व्हायचा आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे तेवढाच माझा प्रवास. साबांना नातवंडांपासून लांब जायचं नाहीये आणि घरातही बसायचं नाहीये. म्हणजे सगळं लटांबर एकत्रच निघणार. बाळांना काही कळलं नाही तरी चालेल, त्यांनी सोबत यावं इतकंच.

तिरफळ

हे आधी लिहिलं असतंत तर मी तसं म्हटलं नसतं. जा खुशाल. टोपडी न विसरता घाला. (आणि काका.)

जुनापुराणा

इतिहासातलं थोडं. रोमनांनी इ. स. ७१ च्या सुमारास इथे ठाणं वसवलं, नाव एबोराकम. कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं ते याच गावात, ३०६ साली. मिन्स्टरच्या दक्षिणेला त्याचा पुतळा आहे, तंगड्या पसरून बसलेला. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी गाव घेतलं, त्यांचं 'योर्विक', त्याचं पुढे यॉर्क.

कॉपरगेटवर १९७६ ते ८१ उत्खनन झालं आणि त्याच जागी १९८४ मध्ये योर्विक सेंटर उघडलं. तिथे पाळण्यासारख्या डब्यात बसवून व्हायकिंग गावातून फिरवतात, वासासकट. अंधार असतो, आवाज असतात, बाबागाडी बाहेर ठेवावी लागते. बाळं घाबरतील, मी सोडूनच देईन. पण जाणार असाल तर एक वस्तू चुकवू नका. १९७२ साली एका बँकेच्या बांधकामात हजारएक वर्षांपूर्वीची एका व्हायकिंगाची शी सापडली, अखंड, २० सेंटीमीटर लांब. काचेच्या पेटीत मानाने ठेवली आहे. तिच्यावरून तो काय खात होता, पोटात जंत किती होते, सगळं कळलं.

मेतकूट

आणि आम्ही दिवसाला बारा फेकून देतोय. पुढच्या संशोधकांचं केवढं नुकसान!

रूळावर

साबुंना माझा नमस्कार सांगा. रेल्वे म्युझियम स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, प्रवेश फुकट, आतली जमीन सपाट, छप्पर आहे, बाळं बदलायची सोय आहे. गरज पडली तर अख्खा दिवस तिथेच काढा, काही बिघडत नाही. मुख्य दालन म्हणजे जुनी इंजिनशेडच आहे, मधोमध फिरतं चक्र. 'मॅलार्ड' तिथेच उभी आहे: ३ जुलै १९३८, ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही.

तिथे चीनहून परत आलेलं एक अजस्र काळं इंजिन आहे, १९३५ चं, व्हल्कन फाउंड्रीने बनवलेलं. साबुंना त्याच्यापुढे नेऊन उभं करा आणि गंमत बघा. १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी ओढणारी इंजिनं याच कारखान्यातून आली होती.

आणि तुम्ही लीड्सकर आहात म्हणून: बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या (नॅरो गेज) रेल्वेची सुरुवातीची इंजिनं तुमच्याच गावात, किटसन कंपनीत घडली. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली ती त्यांच्यावर. मिरजेच्या माणसाला बार्शी लाइट काय होती हे सांगायला नको.

पडवी

रूळावर, हे वाचून दाखवलं. साबु पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पंढरीच्या वाटेवरचं इंजिन इथलं?" आता ते रोज संध्याकाळी फिरायला जाताना विचारतात, किटसनचा कारखाना कुठल्या दिशेला होता.

सगळ्यांचे आभार. गुरुवारी जातोय. आल्यावर लिहीन.

ओसाडवाडी

शुभेच्छा. जिवंत परत या.

पडवी

जिवंत आहोत. चिऊ-काऊ झोपलेत, लिहून टाकते. मोठं होणार आहे.

निघतानाच पाऊण तास उशीर. कारण एक नाही, दोन, आणि दोन्ही नॅपीतले. गाडीत बाबागाडी व्हीलचेअरच्या जागेत उभी केली, कोणी व्हीलचेअरवालं आलं असतं तर घडी घालून दारात उभं राहायची तयारी होती. साबांनी पिशवीतून एक डबा काढला. मी म्हटलं, आई, पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे. त्या म्हणाल्या, "आगगाडीत बसलं की दशमी खायची असते." कोणाशी वाद घालायचा! दशमी, शेंगदाण्याची चटणी. समोरच्या बाईंना देऊ केली, त्यांनी घेतलीही.

यॉर्कला उतरल्यावर साबु फलाटावरच थांबले. ते १८७७ चं स्टेशन, वळणावर बांधलेलं, वरचं लोखंडी छप्परही रुळांबरोबर वळत जातं. त्यांनी मान वर करून ते सगळं पाहिलं, मग खाली रुळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वळणावर फलाट बांधायचा म्हणजे गार्डाला पुढचं टोक दिसत नाही. त्रासाचं काम." सुंदर वगैरे काही नाही. रेल्वेचा माणूस!

म्युझियमला आम्ही दीड तास ठेवला होता, अडीच लागले. माझा नवरा तिसऱ्यांदा घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. काऊ त्या चीनच्या काळ्या धुडाखाली बाबागाडीत गाढ झोपला होता आणि साबु त्याच्या चाकांशी उभे राहून चिऊला (कडेवर, डोळे टक्क) मराठीत समजावत होते की हा दट्ट्या, ही इकडून वाफ येणार, हा दांडा असा मागे जाणार. ती त्यांच्या चष्म्याची काडी ओढत होती. एक इंग्रज आजोबा, तिथले स्वयंसेवक, जवळ आले आणि साबुंना विचारलं, तुम्ही इंजिनियर का? साबुंचं इंग्रजी बेताचं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इंडियन रेल्वेज. मिरज. थ्री गेज." त्या आजोबांचे डोळे चमकले. ब्रॉड, मीटर आणि नॅरो, तिन्ही एका स्टेशनात, हे त्यांना बोटांनी दाखवून झालं. पुढची वीस मिनिटं ते दोघं काय बोलले मला ठाऊक नाही, पण कोणालाच दुभाष्याची गरज पडली नाही.

साबा तोवर जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात. त्यात आत जाऊन बसता येतं. मऊ खुर्ची मिळाली, गुडघे पसरले, काऊ जागा झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन जोजवत बसल्या. आम्ही शोधायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही या बघून, माझी गाडी इथे थांबली आहे."

रूळावर

थ्री गेज!! वाचून अंगावर काटा आला. साबुंना धाग्यावर आणा.

पडवी

साबु म्हणतात, टायपिंग येत नाही, पण तुम्हाला सांग की मॅलार्डची चाकं माझ्यापेक्षा उंच आहेत, उभा राहून पाहिलं.

पुढे. दुपारचं जेवण एका चहाघरात घ्यायचं ठरवलं होतं. नाव नको, दारातच फजिती झाली. बाबागाडी आत येणार नाही, बाहेर ठेवा आणि मुलांना घेऊन या. बरं, उंच खुर्च्या आहेत का? एकच आहे. जुळ्यांच्या आईला हे वाक्य वर्षभर रोज ऐकू येतं. साबा एवढंच म्हणाल्या, "चला, आपल्याकडे डबा आहे."

तर मग म्युझियम गार्डन्स. हे तुम्ही कोणीच कसं सांगितलं नाही? नदीकाठी मोकळी बाग, फुकट, मधे सेंट मेरीज ॲबीच्या उभ्या राहिलेल्या भिंती, नुसत्या कमानी, वर आभाळ. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले त्यातला हा. त्या कमानींखाली चटई पसरली, मऊ भात, वरण, केळं. दोन्ही बाळांनी यॉर्कमध्ये मन लावून बघितलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक खार. ती शेपटी उडवत गवतावरून गेली आणि काऊ, जो आजवर पोटावर पडून फक्त गोल फिरायचा, तो पुढे सरकला. पुढे. दोन वीत. साबांनी शेजारच्या बाकावरच्या लोकांना उठवून सांगितलं.

तिरफळकाका, हे त्याने घरीही केलंच असतं, मला माहीत आहे. पण केलं ते तिथे.

तिरफळ

मी काही म्हटलं का? वाचतोय. टोपडी होती ना डोक्यावर?

पडवी

टोपडं येतंय, थांबा.

मिन्स्टर. तिकीट मोठ्यांचं आहे आणि स्वस्त नाही, त्यामुळे आत जाऊ की नको असं झालं होतं. पण साबांना देवाच्या दारातून परत जायचं नव्हतं, मग देव कोणाचा का असेना. आत बाबागाडी सहज फिरते. पूर्वेच्या खिडकीपुढे मी खुर्ची घेऊन बसले आणि चिऊला पाजलं. टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काच आहे ती. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ मध्ये केली, तीन वर्षांची मुदत, ५६ पौंड मजुरी. अलीकडे नुसती दुरुस्ती करायला दहा वर्षं लागली. सृष्टीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं त्यात रंगवलंय म्हणतात. मला एवढ्या खालून फक्त निळं आणि लाल दिसत होतं, आणि कोणी 'एक्स्क्यूज मी' म्हणत नव्हतं. वर्षभरात इतकी वीस मिनिटं सलग मी कुठे बसले नव्हते.

मग काऊला प्रतिध्वनीचा शोध लागला. एकदा ओरडला, छताने उत्तर दिलं. तो चकित. परत ओरडला. तिथल्या लाल झग्यातल्या काकांनी हसून मान हलवली, पण चौथ्या आरोळीला आम्हीच बाहेर पडलो.

शँबल्स मात्र खरोखर चूक झाली. खाटकांची जुनी गल्ली, दोन्हीकडची लाकडी घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून मिठाची वाटी देता येईल. दुकानांपुढे मांस टांगायचे आकडे अजून आहेत. पंढरपूरच्या बोळांची आठवण आली, असं साबा म्हणाल्या, फक्त तिथे तुळशीमाळा आणि इथे जादूच्या छड्या विकतात, आणि छडीच्या दुकानाला मंगळवेढ्यापर्यंत रांग. ईस्टरची सुट्टी. ७६ सेंटीमीटरची गाडी, गोटे, आणि समोरून अख्खी शाळा. मधेच वळताही येईना. नवऱ्याने शेवटी 'सॉरी, सॉरी' असा जप करत गाडी नांगरासारखी ओढली. शँबल्स बघायची असेल तर सकाळी नऊच्या आत, नाहीतर एकेकट्याने.

ओसाडवाडी

'मंगळवेढ्यापर्यंत रांग' 😂 शँबल्स या शब्दाचा इंग्रजीत आता 'सावळागोंधळ' असाच अर्थ आहे, तुम्ही तो प्रत्यक्ष करून दाखवला.

जुनापुराणा

क्लिफर्ड्स टॉवर पाहिला का लांबून? पायऱ्या चढायच्या नसल्या तरी खाली थांबण्यासारखी जागा आहे.

पडवी

हो, खालून. त्या टेकाडावर पिवळे डॅफोडिल्स होते, सुकत आलेले. साबांना मोबाइलवर पाटी वाचून सांगितली: मार्च ११९० मध्ये गावातले सुमारे दीडशे यहुदी, बायकामुलांसकट, जमावाच्या भीतीने इथल्या लाकडी बुरुजात लपले आणि तिथेच संपले. बरेच जण स्वतःच्या हाताने. ही फुलं त्यांच्या आठवणीसाठी लावतात, यहुद्यांच्या सहा टोकांच्या ताऱ्यासारखी सहा पाकळ्यांची म्हणून. साबांनी चिऊचा हात धरून ठेवला होता, काही बोलल्या नाहीत. आम्ही फोटो काढला नाही.

तिथून नदी. ऊज नदी नेहमी पात्राबाहेर येते हे साबुंना नवऱ्याने सांगितलं आणि चूक केली. किंग्ज स्टेथ नावाच्या धक्क्यावर किंग्ज आर्म्स म्हणून पब आहे, त्यात आतल्या बाजूला कोणत्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. माझे सासरे माळकरी आहेत. सत्तरीत पहिल्यांदा गुत्त्यात शिरले ते पुराची रेघ बघायला. आत जाऊन, चष्मा वर करून, एकेक साल वाचलं. २००० साली नेहमीपेक्षा ५.४ मीटर वर. "म्हणजे अठरा फूट," ते म्हणाले. "आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाला ४५ फुटांना धोका असतो. एकोणीसला ५७ च्या वर गेलं होतं." हे ते पबच्या मालकाला सांगायला निघाले होते, आवरलं.

कृष्णाकाठ

फक्त वाचत होतो, पण इथे लॉगिन करावंच लागलं. आयर्विनचे फूट तळापासून मोजतात हो, यॉर्कचे नेहमीच्या पातळीपासून. तुलना बरोबर नाही. पण साबुंच्या भावना पोचल्या. आम्ही वखारभागातले. २००५, २०१९, २०२१. सांगलीच्या माणसाला कुठल्याही गावी न्या, नदी दिसली की तो पूल शोधतो आणि पुलावर आकडे शोधतो.

पडवी

कृष्णाकाठ, हे साबुंना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण आमचा खालचा मजला गेला होता, तळापासून मोजा नाहीतर वरून." मग विचारत होते, वखारभागात कुठे?

आता टोपडं. ऊज ब्रिजवरून मिकलगेटचा चढ चढून वेशीपाशी आलो. साबुंना ती बघायचीच होती, कारण जुन्या काळी राजद्रोह्यांची मुंडकी या वेशीवर टांगायचे. १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्डचं टांगलं, वर कागदाचा मुकुट घालून. साबा म्हणाल्या, "आपण नुसतं म्हणतो, अब्रू वेशीवर टांगली. यांनी खरंच टांगलं."

स्टेशनात पोचल्यावर बघते तर चिऊचं डोकं उघडं. पांढरं, लाल गोंड्याचं टोपडं, माझ्या आजेसासूबाईंच्या हातचं, नवऱ्याने बाळपणी घातलेलं. साबांचा चेहरा बघवेना. गाडीला अकरा मिनिटं. नवरा धावत सुटला. सात मिनिटांनी फोन आला, नुसता हसत होता. कोणी भल्या माणसाने रस्त्यातून उचलून टोपडं तिथल्या लोखंडी कठड्याच्या टोकावर अडकवून ठेवलं होतं. वेशीला लागून.

गाडी अर्थातच चुकली. पुढची वीस मिनिटांनी होती.

मेतकूट

हसून हसून लेक जागी झाली. इथे हरवलेले मोजे-हातमोजे असेच कुंपणावर लटकवतात, मला ही इंग्लंडची सगळ्यात आवडणारी सवय आहे.

कॅरिअर नेलं होतंस का?

पडवी

नेलं होतं. त्यात दिवसभर डबे आणि थर्मास होता. बाळं आजी-आजोबांच्या कडेवर.

आणि तुझा हिशोब बरोबर निघाला, नॅपी पुरल्या. माझ्या कपड्यांचा जोड मात्र लागला. लागला साबांना. माझा कुडता आणि जीन्स घालून त्या लीड्सला उतरल्या, पदर नसल्याने हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

तिरफळ

फोटो टाका. टोपड्याचा. बाईंचा त्यांना विचारून.

ओसाडवाडी

पुढच्या वेळी व्हिटबी करा. समुद्र, मासे, मस्त पडका मठ. फक्त चर्चपर्यंत १९९ पायऱ्या आहेत.

पडवी

ओसाडवाडी, साबा हे वाचतायत आणि तुमचं खरं नाव विचारतायत.

रूळावर

व्हिटबीला पिकरिंगहून वाफेची गाडी जाते, बरं का. साबुंना सांगू नका.

पडवी

उशीर झाला. ते मागेच उभे होते.